गाडीत राहतात, कामाला जातात

कॅलिफोर्नियात मुलांकडे दोन-चार महिने राहून आलेले आईवडील परतल्यावर एक गोष्ट हमखास सांगतात.  पालो आल्टो, माउंटन व्ह्यू भागात रस्त्यांच्या कडेला जुनाट आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, उभ्या असतात, खिडक्यांना आतून पुठ्ठे किंवा चंदेरी पडदे लावलेले असतात आणि त्यांत माणसं राहतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : ‘एवढ्या श्रीमंत देशात काम करायचं नाही, म्हणून असं राहायचं!’

हे वाक्य चुकीचं आहे. अशा गाड्यांतून सकाळी बाहेर पडणारे कितीतरी जण दुकानाच्या काउंटरवर उभे राहतात, ऑफिसं झाडतात, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात, बांधकामावर जातात. त्यांच्याविषयी बोलताना निदान माहिती तरी खरी असावी.

गैरसमज : काम नाही, म्हणून घर नाही

शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतल्या बेघरांच्या नोंदी त्यांनी कराच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. निवारागृहांत राहणाऱ्या ६५ वर्षांखालच्या प्रौढांपैकी सुमारे ५३ टक्के लोकांनी त्या वर्षी रीतसर नोंदलेली कमाई केली होती. ज्यांना निवाराही नव्हता, अशांमध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के निघालं. हातात रोख मिळणारं काम यात धरलेलं नाही.

मग पगार असून भाडं का जमत नाही? हिशेब करून बघा. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होतं. आठवड्याला ४० तास, एकही खाडा न करता वर्षभर काम केलं, तर कर कापण्याआधी ३४,३२० डॉलर होतात, म्हणजे महिन्याला २,८६०. तिथले घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट उत्पन्न असल्याशिवाय अर्जच पुढे सरकवत नाहीत. या नियमाने त्या माणसाला साधारण ९५० डॉलरचं घर मिळायला हवं. सिलिकॉन व्हॅलीत दोन हजारांच्या आत एका बेडरूमचा बरा फ्लॅट सापडत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट एकदम भरायचं ते वेगळंच. १ जुलै २०२४ पासून राज्याने बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घ्यायला बंदी केली, तरीही चार हजार डॉलर एकरकमी लागतात. त्यात आधी कधी घर खाली करण्याचा न्यायालयाचा आदेश निघालेला असला, तर नवा घरमालक ती नोंद पाहून नकार देतो.

आणि हा झाला कॅलिफोर्नियाचा हिशेब. संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलं आहे.

गैरसमज : गाडीत राहिलं की खर्च वाचतो, पैसा साठतो

भाडं वाचतं, हे खरं. पण स्वयंपाकघर नाही, म्हणून तयार अन्न घ्यावं लागतं. फ्रिज नाही, म्हणून कूलरमध्ये घालायला रोजचा बर्फ लागतो. अंघोळीसाठी जिमचं सदस्यत्व, कपड्यांसाठी लाँड्रीची नाणी, सामानासाठी भाड्याची खोली, शिवाय पेट्रोल, विमा आणि पार्किंगचे दंड. चांगली सोय केलेली व्हॅन घेऊन हौसेने फिरणारी तरुण मंडळीही आहेत आणि समाजमाध्यमांवर तीच दिसतात. पण साध्या सेडानच्या मागच्या सीटवर पाय दुमडून झोपणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

गैरसमज : अशी माणसं कामावर ओळखू येतात

ओळखू येऊ नये, यासाठी त्यांची अर्धी ताकद खर्च होते. गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या खिडकीपाशी टांगलेला असतो. जिम पहाटे उघडली की अंघोळ, मग फोन चार्ज करायला ग्रंथालय किंवा कॉफीचं दुकान. काचांची तर फारच काळजी घ्यावी लागते. बंद गाडीत दोन माणसं झोपली की श्वासाच्या वाफेने पहाटेपर्यंत काचा आतून धूसर होतात, आणि धूसर काचा पाहून पोलिसाला आत कोणी आहे हे लांबूनच कळतं. म्हणून थंडीतही काच बोटभर खाली ठेवतात. बसल्या बसल्या झोपल्याने पाय सुजतात. उन्हाळ्यात बंद गाडी दहा मिनिटांत सुमारे २० अंश फॅरनहाइटने तापते, त्यामुळे इन्शुलिनसारखं औषध ठेवायचं कुठे, हा प्रश्न रोजचा होतो.

वरिष्ठांना हे सांगायचं का? बहुतेक जण सांगत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेच्या बहुतांश राज्यांत मालक कारण न देता नोकरीवरून काढू शकतो. घर नसणं म्हणजे नोकरी जाण्याचं कारण नव्हे, असं सांगणारं कायद्याचं संरक्षण सहसा नसतं.

गैरसमज : पत्ता नसेल तर नोकरीच मिळत नाही

मिळते. टपाल खात्याच्या ‘जनरल डिलिव्हरी’ सोयीने पोस्ट ऑफिसातच पत्रं घेता येतात, पोस्टाचा बॉक्स भाड्याने मिळतो, टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपन्या आहेत.

गैरसमज : गाडी आपली, तर तिच्यात झोपायला कोण अडवणार?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. देशभर लागू असा एक नियम नाही, शहरागणिक कायदा बदलतो. लॉस एंजेलिसने १९८३ मध्ये रस्त्यावरच्या गाडीचा ‘राहण्यासाठी’ वापर करायला बंदी घातली. २०१४ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण नियम इतका मोघम होता की गाडीत बसून खाणारा किंवा सामान नेणारा कोणीही त्यात अडकला असता. २०१६ मध्ये शहराने नवा नियम केला : निवासी रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६ गाडीत राहायचं नाही, आणि शाळा, पाळणाघरं, बागा यांच्या जवळ तर कधीच नाही. सॅन डिएगोने २०१९ च्या फेब्रुवारीत अशी बंदी उठवली आणि मे महिन्यात परत आणली. माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी २०२० मध्ये अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करण्याविरुद्ध कौल दिला. पुढे २०२४ मध्ये ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल शिक्षा करणं घटनाबाह्य नाही. त्यानंतर शहरांचे हात आणखी मोकळे झाले.

दंड भरता येतो. गाडीच उचलून नेली, तर सगळं कोसळतं. सिॲटलमध्ये मिळेल ते कारागिरीचं काम करणारा एक माणूस आपल्या पिकअप ट्रकमध्ये राहत होता. एका जागी ७२ तासांहून जास्त काळ ट्रक उभा ठेवला, म्हणून २०१६ मध्ये शहराने तो उचलून नेला. ट्रक नादुरुस्त होता, आणि कामाची हत्यारं त्यातच होती. म्हणजे घर गेलं आणि त्याच क्षणी रोजीही गेली. त्याला उघड्यावर झोपावं लागलं. ट्रक उचलण्याचा आणि ठेवण्याचा खर्च झाला ९४६.६१ डॉलर. न्यायाधीशांनी तो ५४७.१२ वर आणला आणि महिन्याला ५० डॉलरचा हप्ता बांधून दिला. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा ट्रक म्हणजे त्या माणसाचं घरच आहे, राज्याच्या कायद्यात राहत्या घराला जे संरक्षण आहे ते त्यालाही आहे, आणि त्याच्या परिस्थितीत ही रक्कम म्हणजे घटनेला मान्य नसलेला जबर दंड आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण तो एका राज्यापुरता आहे.

गैरसमज : सरकारी निवारागृहं आहेत, तिथे का जात नाहीत?

निवारागृहात खाटा कमी असतात, आत यायची वेळ ठरलेली असते, आणि गाडी बाहेर सोडून आत जावं लागतं. जिच्यावर नोकरी अवलंबून आहे ती गाडी कोण सोडेल? ही अडचण ओळखून सांता बार्बरात ‘न्यू बिगिनिंग्ज’ या संस्थेने २००४ मध्ये सुरक्षित पार्किंगचा उपक्रम सुरू केला. चर्चची, संस्थांची, पालिकेची आवारं रात्री रिकामीच असतात. तिथे नोंदणी करून गाडी लावायची, शौचालयाची सोय असते, आणि घर शोधायला मदत करणारा कार्यकर्ताही मिळतो. पुढे सॅन डिएगो, लॉस एंजेलिस अशा शहरांनी याचं अनुकरण केलं. लाँग बीच सिटी कॉलेजने २०२१ मध्ये गाडीत राहणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांसाठी आवार खुलं केलं.

या जागा गरजेच्या मानाने फार थोड्या आहेत. बहुतेक ठिकाणी परवाना, गाडीची नोंदणी आणि विमा चालू असावा लागतो, आणि पैशाची ओढाताण सुरू झाली की विम्याचा हप्ताच सर्वात आधी चुकतो. शिवाय सकाळी आवार रिकामं करावं लागतं, कारण दिवसा ते दुसऱ्यांना लागतं. दिवसपाळीच्या माणसाला हे वेळापत्रक जमतं. रात्रपाळीचा पहारेकरी किंवा रुग्णालयातली आया सकाळी सातला सुटते, तेव्हा तिच्यासाठी ते फाटक नुकतंच बंद झालेलं असतं, आणि झोपेसाठी तिला पुन्हा रस्त्याची कडाच शोधावी लागते.