सोंगणीचा विळा : एकाची धार दिवसभर, दुसऱ्याची दोन तास, असे का?

सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळू लागल्या की बुलढाणा जिल्ह्यात सोंगणीची घाई सुरू होते. परतीचा पाऊस केव्हा गाठेल याचा नेम नसतो. हार्वेस्टर आले असले तरी लहान तुकड्यांत आणि चिखल झालेल्या रानात विळ्याशिवाय भागत नाही. मजूर सोंगणी एकरी उक्ती घेतात, त्यामुळे विळ्याची धार गेली की मजुरीलाच कात्री लागते. नुकसान शेतकऱ्याचेही होते. बोथट विळ्याने झाड कापले न जाता ओढले जाते, वाळलेल्या शेंगांना हिसका बसतो आणि त्या तडकून दाणे सुडीपर्यंत पोहोचण्याआधीच मातीत जातात. आठवडी बाजारात हे दोन विळे शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच दिसतात. फरक असतो तो धातूत.

ट्रकच्या पाट्यांना मागणी का?

धार किती टिकणार हे मुख्यतः लोखंडातील कार्बनवर ठरते. खिडकीच्या ग्रिलसाठी वापरतात त्या साध्या लोखंडात तो साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. असे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी धारेपुरते कडक होत नाही. ट्रकच्या कमानीतील पाट्यांचे पोलाद वेगळे. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्क्यांच्या आसपास असतो, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम-मँगनीज. ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होण्यासाठी बनवलेले हे पोलाद भंगारात मिळते आणि लोहार, घिसाडी कारागीर त्याचेच विळे, कुऱ्हाडी घडवतात. मात्र वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात. त्या पात्यात राहिल्या तर विळा ऐन कामात तुटतो.

विदर्भाला ही विद्या नवी नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन काळातील लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. तिचे वय अडीच हजार वर्षांहून अधिक.

‘पाणी देणे’ म्हणजे नेमके काय?

चांगले पोलादही नुसते ठोकून धार धरत नाही. पाते साधारण ८५० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून एकदम थंड केले, की आतील कणांची रचना ताणलेल्या अवस्थेत गोठते आणि धातू कडक होतो. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात, पण कमानीच्या पोलादाला पाण्यापेक्षा तेल मानवते, कारण पाण्यात ते तडकण्याचा धोका जास्त. ताप किती झाला हे कारागीर रंगावरून ओळखतो. उन्हात तो रंग नीट दिसत नाही, म्हणून भट्टीवर सावली लागते.

थंड झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा हलके तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि साधारण ३०० अंशांना निळा रंग चढतो. पिवळ्या-तपकिरीवर थांबले तर धार राहते आणि पाते तुटतही नाही. ही पायरी गाळली की दगडावर आपटताच पात्याचा टवका उडतो.

मग स्टेनलेस स्टील का नको?

स्टेनलेस म्हणजे किमान १०.५ टक्के क्रोमियम. ते गंजाला अडवते, धारेची हमी देत नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांचे ‘३०४’ स्टील पाणी देऊन कडक होतच नाही. सुरीसाठी ‘४२०’ जातीचे लागते आणि त्याला चुंबक चिकटते. चुंबक न चिकटणारी सुरी टोमॅटोवर लवकरच घसरू लागते.

मूठ बाभळीची की प्लास्टिकची?

बांधावरची बाभूळ जड, चिवट आणि हिसका सोसणारी. पात्याची मागची टोकदार शेपटी तापवून मुठीत ठोकतात, ती आपली जागा जाळून बसते. वर लोखंडी कडे असेल तर लाकूड चिरत नाही. प्लास्टिकची मूठ स्वस्त, पण घामाने निसटते आणि उन्हात वर्षभर पडली की तडे जातात. सैल झालेली लाकडी मूठ रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय सर्रास होतो. तो दिवसभरापुरताच. फुगलेले लाकूड आतून चेपते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते.

दातेरी विळे आता सर्वत्र दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ हे त्यातले परिचित. ते करवतीसारखे कापतात, हिसका कमी बसतो आणि वारंवार धार लावावी लागत नाही. दाते झिजले की मात्र घरी धार लावणे अवघड.

विकत घेताना कानस सोबत असावी. दुकानदाराला विचारून धारेच्या टोकाशी हलकेच फिरवली आणि ती घसरली, तर पात्याला पाणी नीट बसले आहे. लोखंड सहज खरवडले गेले तर विळा परत ठेवावा. आणि घरी ग्राइंडरवर धार लावत असाल तर पाते दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली, की तेवढा भाग झिजून जाईपर्यंत किंवा विळा पुन्हा भट्टीत जाईपर्यंत तिथे धार टिकत नाही.