मळसूत्री स्प्रिंग आणि संगणकांतील आधार-भूमिति

बॉलपेनाचा खटका असो, स्कूटरचा शॉकॲब्सॉर्बर असो, वा मोटारीच्या इंजिनांतील झडप असो, या साऱ्यांच्या पोटांत एक पोलादी तार वेटोळें घालून बसलेली असते. तिला आपण स्प्रिंग म्हणतों. आज अशी स्प्रिंग कारखान्यांत वळली जाण्यापूर्वीं तिचें रूप संगणकांत, कॅडच्या प्रोग्रामांत, उभारावें लागतें. तंत्रनिकेतनांत वा आय.टी.आय.मध्यें शिकणाऱ्या मुलांस हें काम प्रथम अगदीं सोपें वाटतें आणि पुढें तेंच त्यांस छळतें. पडद्यावर स्प्रिंग दिसते सुरेख. पण एक माप बदललें कीं सारें चित्र कोसळतें. असें कां होतें व तें टाळावें कसें, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम आकार समजून घेऊं. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीशीं समांतर धरून तो तिच्याभोंवतीं गुंडाळावा. त्रिकोणाचा कर्ण पेन्सिलीवर जी चढती रेघ काढतो, तीच मळसूत्राची रेघ होय. इंग्रजींत तिला हेलिक्स म्हणतात. एका वेढ्यांत ही रेघ जितकी वर चढते, त्या अंतरास पीच हें नांव आहे. पीच, उंची आणि वेढ्यांची संख्या यांपैकीं कोणतींही दोन मापें सांगितलीं कीं तिसरें आपोआप निघतें. याखेरीज व्यास सांगावा लागतो आणि वळणाची दिशाही सांगावी लागते, कारण मळसूत्र उजवें असतें तसेंच डावेंही असतें. एकींत एक बसविलेल्या दोन स्प्रिंगांचीं वळणें मुद्दाम उलट ठेवतात. नाहींतर एकीचे वेढे दुसरीच्या फटींत शिरून अडकतात.

आतां एक उदाहरण घेऊं. तार २ मिलिमीटर जाडीची, वेटोळ्याचा मध्यव्यास २०, कामाचे वेढे ८, दोन्ही टोंकांस एकेक मिटलेला वेढा, आणि टोंकें घासून सपाट केल्यावर मोकळी लांबी ६० मिलिमीटर. भार आणि दबणें हीं एकाच प्रमाणांत वाढतात, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं उघड केला. तो लावून, पोलादाचा कर्तन-गुणांक ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरून गणित केलें, तर ही स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास सुमारें अडीच न्यूटन बल लागतें, म्हणजे जवळजवळ पाव किलोचें वजन. या गणितांत व्यासाचा घन येतो, आणि तो व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा असतो. बाहेरचा व्यास २२ आहे म्हणून संगणकांतहि २२ चेंच वर्तुळ काढून त्यावर तार चढविली, तर स्प्रिंग एक चतुर्थांशानें नरम होते. शिवाय २३ मिलिमीटरच्या भोंकांत ती शिरतहि नाहीं, कारण तिचा बाहेरचा व्यास आतां २४ झालेला असतो.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे वळूं. भिंत बांधणारा गवंडी आधीं सूत ताणतो आणि ओळंबा सोडतो. घर पुरें झाल्यावर सूत राहत नाहीं, पण भिंत सरळ येते ती त्याच्याच जिवावर. संगणकांतील प्रतल, अक्ष आणि बिंदु यांचें काम असेंच आहे. त्यांस जाडी नाहीं, वजन नाहीं. वस्तूचा भाग म्हणून तीं मोजलींहि जात नाहींत. तरी साऱ्या मापांचा उगम त्यांच्यांतच असतो. यांस मी आधार-भूमिति म्हणतों.

कामाचा क्रम असा ठेवावा. तळाचें प्रतल आणि मधला अक्ष प्रथम निश्चित करावा. तळाच्या प्रतलावर २० व्यासाचें वर्तुळ काढून त्यावरून हेलिक्स उभारावें. मग त्याच्या आरंभबिंदूंतून, रेघेशीं काटकोनांत असणारें नवें प्रतल घ्यावें आणि त्यावर २ मिलिमीटरचें वर्तुळ काढून तें हेलिक्सच्या वाटेनें फिरवावें. पुष्कळ विद्यार्थी हें वर्तुळ अक्षांतून जाणाऱ्या उभ्या प्रतलावर काढतात. आपल्या स्प्रिंगेचा चढ अवघा सुमारें सव्वासहा अंशांचा असल्यानें येथें फरक नजरेंत भरत नाहीं. पण चढ ३० अंशांचा असेल, तर तार गोल न राहतां एका बाजूनें २ ऐवजीं १.७३ मिलिमीटर इतकी चपटी होते.

टोंकांकडे विशेष लक्ष द्यावें. मिटलेल्या वेढ्याचा पीच बरोबर २ ठेवला तर शेजारचे वेढे एका रेघेवर एकमेकांस टेकतात आणि पुष्कळ प्रोग्राम अशा वेळीं घन वस्तु करण्यास नकार देतात. म्हणून तो २.०२ ठेवावा. पीच एकदम बदलला तर वाटेंत कोपरा पडतो. तो अर्ध्या वेढ्यांत हळूहळू वाढवावा. असें केल्यानें दोन्ही टोंकांस मिळून उंचींत अडीच मिलिमीटरांची तूट येते. मधल्या सात वेढ्यांचा पीच ७ ऐवजीं सुमारें ७.३३ केला कीं ती भरून निघते. शेवटीं तळाच्या प्रतलाशीं आणि त्यावर ६० मिलिमीटरांवर घेतलेल्या दुसऱ्या प्रतलाशीं तार कापावी, म्हणजे घासलेलीं सपाट टोंकें मिळतात.

जोडणी करतांना स्प्रिंग तारेच्या पृष्ठावर कधींहि टांगूं नये. तो पृष्ठभाग सर्वत्र वळलेला असतो. तेथें धरावयास जागा नाहीं. अक्षाला अक्ष आणि प्रतलाला प्रतल जुळवावें. आणखी एक कारण आहे. माप बदललें कीं संगणक सर्व पृष्ठें नव्यानें घडवितो, त्यांस नवीं नांवें देतो, आणि जुन्या नांवावर विसंबलेलें पुढचें काम निराधार होतें. फ्रीकॅड या विनामूल्य प्रोग्रामांत ही अडचण फार जाणवे. २०२४ सालीं आलेल्या त्याच्या १.० आवृत्तींत ती बरीच कमी करण्यांत आली. तरी पाया प्रतलांवर घालण्याची संवय सर्वत्र हिताचीच आहे.

स्प्रिंग दाबली असतां वेढे कमी होत नाहींत. कमी होतो तो पीच. आपली स्प्रिंग ४० मिलिमीटरांपर्यंत दाबली, तर कामाचे वेढे आठच राहतात आणि त्यांचा सरासरी पीच साडेचारावर येतो. म्हणून दबणारी स्प्रिंग दाखवावयाची असेल, तर पीच न सांगतां उंची व वेढे सांगावे, आणि उंची ही दोन प्रतलांतील अंतराशीं बांधून टाकावी. मग एकच आंकडा बदलला कीं स्प्रिंग दबते आणि सुटते. मात्र २० मिलिमीटरांखालीं ती जाणार नाहीं, कारण तेथें दहाहि वेढे एकमेकांस भिडतात. पडद्यावर कोणी याहून कमी आंकडा घातला, तर तारेंतून तार गेलेली दिसेल. संगणक तें काढूनहि दाखवील. पोलाद तें मान्य करणार नाहीं.

विद्यार्थ्यांस माझें सांगणें इतकेंच कीं, चित्र पुरें झाल्यावर त्यांतील प्रत्येक माप एकदां तरी बदलून पाहावें. बदल सोसून जें उभें राहतें, तेंच कारखान्यांत पाठविण्यास योग्य होय.