शस्त्रक्रियेनंतर बैलाच्या जखमेची निगा

बैल वारंवार मान झटकूं लागला, शिंग बुडाशीं हलूं लागलें किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येऊं लागला, म्हणजे शिंगाच्या कर्करोगाचा संशय घ्यावा. रोगट शिंग बुडापासून कापून काढणें हाच यावर मुख्य उपाय होय. परंतु शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पुढें गोठ्यांत जखम चिघळून बैल खंगल्याचें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून या विषयाकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

जखमेंत पू होणें हा ती भरण्याचा स्वाभाविक क्रमच होय, असें पूर्वीं पुष्कळ शस्त्रवैद्य समजत. इ. स. १८६५ मध्यें ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यांनीं जखमेवर कार्बोलिक आम्लाचा उपयोग करून, जंतूंस अटकाव केल्यास जखम पू न होतां भरते हें दाखविलें. शिंगाच्या जखमेंत तर धोका अधिक. कारण प्रौढ जनावराच्या शिंगाची पोकळी कपाळाच्या हाडांतील पोकळीस मिळालेली असते, व वरचा पू सहज आंत उतरतो.

शस्त्रक्रियेपूर्वीं गोठा झाडून कोरडा करावा व बैल स्वच्छ धुवावा. जंतुनाशक औषध टोंचावयाचें तें छेद घेण्याच्या थोडें आधीं टोंचणें हितावह. म्हणजे जंतू शिरतेवेळीं तें रक्तांत हजर असतें. धनुर्वाताची लसही डॉक्टरांस विचारून घ्यावी. कारण त्या रोगाचे जंतू शेणामातींतच असतात.

पुढील निगा मालकाचीच. जखमेवर शेण, माती किंवा राख कदापि लावूं नये. हात साबणानें धुतल्यावांचून पट्टीस स्पर्श करूं नये. जखम धुण्यास सांगितलें असल्यास पाणी उकळून निववावें, व एक लिटरास सुमारें ९ ग्रॅम मीठ घालावें. पट्टी ओली वा मळकट राहूं देऊं नये. बैल निराळा बांधावा, म्हणजे दुसरें जनावर जखम चाटणार नाहीं. खुंटावर वा गव्हाणीवर डोकें घासूं देऊं नये. माशी बसली कीं अंडीं घालते व अळ्या पडतात. यास्तव गोठ्यांत शेणमूत सांचूं देऊं नये. टांके साधारणतः १० ते १४ दिवसांनीं डॉक्टरांकडूनच काढवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांची थोडी सूज भयकारक नव्हे. मात्र सूज वाढत गेली, दुर्गंधी सुटली, नाकांतून पू आला किंवा बैलानें वैरण सोडली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस बोलवावें. उरलेलें जुनें औषध आपल्या मतानें टोंचूं नये, व चालू औषध मध्येंच सोडूं नये. जखम पूर्ण भरेपर्यंत बैलाच्या मानेवर जूं ठेवूं नये. पेरणीची घाई असली तरी चार दिवस उसना बैल आणणें हें जोडी मोडण्यापेक्षां केव्हांही स्वस्त पडतें.