पणतीच्या उजेडात रंगीत रोल

पणती लावणाऱ्या मुलीचा चेहरा ४०० आयएसओच्या रोलवर टिपायचा, तर एफ/२ वर साधारण १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यात कॅमेरा हलतो आणि मूलही हलतं. मीटर १६०० वर लावला की तेच माप १/६० वर येतं आणि फोटो स्थिर मिळतो. मात्र रोलला हवा त्याच्या एक चतुर्थांश प्रकाशच, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे निम्मा), मिळालेला असतो. ही तूट रोल धुताना, डेव्हलपरमधला वेळ वाढवून, भरून काढायची पद्धत म्हणजे पुश. रंगीत निगेटिव्ह घरी धुणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी तिचा मोह होतो. म्हणून ती काय देते आणि काय देत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

प्रकाश पडला की फिल्ममधल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणावर चांदीच्या मोजक्या अणूंचा ठिपका तयार होतो. ज्या कणांवर असा ठिपका आहे, त्यांचंच डेव्हलपर चांदीत रूपांतर करतो. रंगीत डेव्हलपरमधलं सीडी-४ हे रसायन या क्रियेत स्वतः बदलतं आणि फिल्ममधल्या कपलरशी जोडलं जाऊन रंग तयार करतं. वेळ वाढवला की उजळ आणि मध्यम भागांत रंग दाट होत जातो. पण गडद सावलीतल्या कणांवर ठिपका पडलेलाच नसतो, त्यामुळे डेव्हलपर कितीही वेळ ठेवला तरी तिथे तपशील उमटत नाही. उलट फिल्मभर धुकं वाढतं, ग्रेन जाड होते, कॉन्ट्रास्ट चढतो. थोडक्यात, पुशने फिल्मची खरी संवेदनशीलता फारशी वाढत नाही.

रंगीत फिल्मची अडचण इथे संपत नाही. तिच्यात निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाचे थर एकाखाली एक असतात, निळ्याचा सगळ्यात वर. कोडॅकने १९७२ साली आणलेल्या सी-४१ प्रक्रियेत ३७.८ अंश सेल्सिअस तापमान आणि ३ मिनिटं १५ सेकंद हा वेळ या सगळ्या थरांचा मेळ साधून ठरवलेला आहे. वेळ ताणला की थर सारख्या प्रमाणात पुढे जात नाहीत. मग सावलीत एक छटा येते, उजळ भागात दुसरी. एक दुरुस्त करायला जावं, तर दुसरी बिघडते.

पणतीच्या उजेडात तर निळा थर आधीच उपाशी असतो. नेहमीच्या रोलचा रंगसमतोल दिवसाच्या, साधारण ५५०० केल्विनच्या प्रकाशासाठी असतो. ज्योतीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास, म्हणजे लाल भरपूर आणि निळा अगदी थोडा. मीटरने दोन स्टॉपची तूट दाखवली, तरी निळ्या थराची तूट त्याहून बरीच मोठी असते.

स्टॅनली कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग म्हणूनच मुद्दाम अभ्यासावेत. छायाचित्रकार जॉन अल्कॉट यांनी ते नासासाठी बनवलेल्या झाइसच्या एफ/०.७ भिंगांवर चित्रित केले. एफ/२ च्या तुलनेत ही भिंगं आठपट प्रकाश आत घेतात. फिल्म कोडॅकची, १०० एएसएची आणि बल्बच्या पिवळ्या प्रकाशासाठी जुळवलेली होती. ती पुश केली फक्त एक स्टॉप. मोठा भार भिंगाने उचलला, रंगाचा फिल्मने आणि उरलेला थोडा डेव्हलपरने. घरी काम करतानाही मी हाच क्रम धरतो: आधी प्रकाश मिळवायचा, मग फिल्म निवडायची, पुश सगळ्यात शेवटी. चार पणत्या जास्त लावल्या, चेहऱ्याच्या जवळ आणल्या, तरी एक स्टॉप सहज मिळतो. सिनेस्टिल ८००टी ही फिल्म बल्बच्या प्रकाशासाठी जुळवलेली आहे आणि ती सी-४१ मध्येच धुता येते.

आता टाकीकडे वळू. एक स्टॉपसाठी डेव्हलपरचा वेळ सहसा साधारण ३० टक्क्यांनी वाढवतात, म्हणजे सव्वातीनऐवजी सुमारे सव्वाचार मिनिटं. किटसोबतच्या पत्रकात वेगळा आकडा असेल, तर तोच पाळावा. ब्लीच आणि फिक्सर किंवा ब्लिक्स यांचा वेळ मात्र नेहमीचाच ठेवायचा, कारण तिथे क्रिया पूर्ण होऊ द्यायची असते. वेळ लांबला की टाकी निवण्याची भीतीही वाढते, म्हणून टाकी सतत कोमट पाण्यात ठेवावी आणि थर्मामीटर विश्वासाचा असावा. अनेक रोल धुऊन थकलेला डेव्हलपर पुशसाठी वापरू नये. संपूर्ण रोल एकाच वेळी टाकीत जातो, त्यामुळे निवडक फ्रेम पुश करता येत नाहीत. अख्खा रोल एकाच आयएसओवर काढावा लागतो. सीडी-४ मुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि स्वयंपाकाची भांडी इथे मुळीच वापरू नयेत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत ओतू नये.

महत्त्वाचे फोटो काढण्याआधी एक चाचणी जरूर करावी. एकच दृश्य पूर्ण रोलभर टिपावं, निम्म्या फ्रेम मूळ आयएसओवर आणि निम्म्या एक स्टॉप कमी प्रकाशात, आलटून पालटून. अंधारात रोल मधोमध कापून एक तुकडा नेहमीसारखा धुवावा, दुसरा पुश करावा. कमी प्रकाशातल्या फ्रेम दोन्ही तुकड्यांत शेजारी ठेवून पाहाव्यात. रंगीत निगेटिव्ह एका स्टॉपची चूक बरीच सांभाळून घेते, त्यामुळे पुश न केलेला तुकडा स्कॅन केल्यावर अधिक स्वच्छ दिसण्याची शक्यता खरोखर असते. तसं दिसलं, तर त्या फिल्मला त्या प्रकाशात पुश करू नये.