तुमचं घर रात्री शून्यावर येतं का?

पाण्याचं बिल आलं की आपण दोनच गोष्टी बघतो: किती गॅलन वापरले आणि किती डॉलर झाले. पण घरात गळती आहे का, हे त्या आकड्यांवरून सहसा कळत नाही. पाहुणे आले होते, मुलांना सुट्टी होती, बागेला जास्त पाणी घातलं, अशी सगळी कारणं त्या एका बेरजेत मिसळलेली असतात. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न वेगळाच आहे. चोवीस तासांत एकदा तरी तुमच्या घरातला पाण्याचा प्रवाह शून्यावर येतो का?

पहाटे तीन वाजता सगळे झोपलेले असतात आणि सगळे नळ बंद असतात. तेव्हा मीटर थांबायलाच हवा. थांबत नसेल, तर पाणी कुठेतरी जातंय. शहरांचे पाणीपुरवठा विभाग गळती शोधायला रात्रीचा किमान प्रवाह बघतात. घरमालकांसाठी निघालेले स्मार्ट वॉटर मॉनिटर हीच युक्ती तुमच्या बेसमेंटमध्ये आणतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार सरासरी घरातल्या गळत्यांमुळे वर्षाला सुमारे १०,००० गॅलन, म्हणजे जवळपास ३८,००० लिटर पाणी वाया जाऊ शकतं. दहा टक्के घरांत तर रोज ९० गॅलन किंवा त्याहून जास्त पाणी जातं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टॉयलेटच्या टाकीतली झिजलेली रबरी झडप. डबकं साचत नाही, छत ओलं होत नाही, पाणी मुकाट्याने गटारात जातं.

प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध

इतका बारीक प्रवाह मोजायचा कसा? शाळेतलं नावेचं गणित आठवा. प्रवाहाबरोबर जाणारी नाव लवकर पोचते, उलटी जाणारी उशिरा. आधुनिक मॉनिटरमध्ये नावेच्या जागी आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी, म्हणजे अल्ट्रासाउंड असतो. पाइपमध्ये दोन सेन्सर समजा १० सेंटीमीटर अंतरावर आहेत. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो, म्हणजे हे अंतर कापायला त्याला सेकंदाचे ६८ दशलक्षांश भाग लागतात. जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत जो फरक पडतो, त्यावरून पाण्याचा वेग निघतो.

आता वरची रोज ९० गॅलनची गळती घ्या. पाऊण इंची पाइपमध्ये त्या पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम दीड सेंटीमीटर भरतो. वेळेतला फरक पडतो साधारण सव्वा नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ४० सेंटीमीटर जात नाही! भिंतीवरच्या एका डब्यात हे मोजमाप दिवसरात्र चालू असतं.

थेंब थेंब गळणारा नळ मात्र यातूनही निसटू शकतो. त्यासाठी दाबाची चाचणी असते. रात्री उपकरण मुख्य व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करतं आणि पाइपमधला दाब बघत राहतं. सगळं घट्ट असेल तर दाब टिकतो. हळूहळू उतरला तर कुठेतरी गळतंय.

दाबातून आणखीही बरंच कळतं. नळ उघडताना आणि बंद करताना पाइपमध्ये दाबाची लाट उठते आणि प्रत्येक नळाची लाट थोडी वेगळी असते. वॉशिंग्टन विद्यापीठात श्वेतक पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली 'हायड्रोसेन्स' या प्रयोगात दहा घरांत दाखवलं, की एकाच जागी बसवलेल्या दाबाच्या सेन्सरवरून कोणता नळ उघडला हे सुमारे ९८ टक्के वेळा ओळखता येतं.

घर बंद असताना

डिसेंबरात महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. पण पाइप बहुधा बर्फ जमलेल्या ठिकाणी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं आणि तिथे पाइप फाटतो. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये असंख्य घरांनी हे अनुभवलं. घरात माणूस असेल तर अर्ध्या तासात धावपळ होते. नसेल तर पाणी आठवडेच्या आठवडे वाहतं. इथे नुसता फोनवर येणारा इशारा पुरत नाही. स्वतःहून बंद होणारा व्हॉल्व्ह लागतो. तो फायर स्प्रिंकलरचं पाणी तोडणार नाही अशा जागी बसवायला प्लंबरला आवर्जून सांगा.

मग हेच उपकरण पुण्याच्या किंवा ठाण्याच्या फ्लॅटसाठी बॅगेत टाकावं का? शक्यतो नको. अमेरिकेत एकाच पाइपातून भरपूर दाबाने पाणी घरात येतं. आपल्याकडे ते गच्चीवरच्या टाकीतून उतरतं, आणि बऱ्याचदा स्वयंपाकघर व प्रत्येक बाथरूमसाठी वेगळ्या पाइपातून. म्हणजे एका मीटरने भागत नाही. शिवाय टाकी पाच मीटर वर असेल तर दाब अर्धा वातावरणच भरतो. तिथे सोसायटीच्या टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर जास्त कामाचा. बंद फ्लॅटचे सगळे व्हॉल्व्ह फिरवून ठेवणं हा तर बिनखर्चाचा उपाय.

पाणी चुगली करतं

आंघोळ कधी, घरात माणसं किती, घर रिकामं कधी, हे सगळं प्रवाहाच्या आलेखात दिसतं. आर्कान्सामधल्या बेंटनव्हिल इथे २०१५ सालच्या एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी स्मार्ट मीटरची नोंद पुढे केली होती: रात्री एक ते तीनच्या दरम्यान १४० गॅलन पाणी वापरलं गेलं. २०१७ मध्ये तो खटला मागे घेतला गेला, पण पाण्याचा मीटर साक्षीला येऊ शकतो हे सगळ्यांना कळलं. म्हणून विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही माहिती कुठे साठते? आणि इंटरनेट बंद पडलं तरी व्हॉल्व्ह आपला आपण बंद होतो का?

काही विमा कंपन्या अशा उपकरणावर सवलत देतात, तीही विचारून घ्या. पण खर्च करण्याआधी आज रात्री एक फुकटचा प्रयोग करा. झोपताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि सकाळी पहिला नळ उघडण्याआधी दुसरा. बर्फाचं यंत्र, सॉफ्टनर किंवा बागेचा टायमर रात्री चालत असेल तर तो आधी बंद ठेवा. आकडा हलला असेल, तर टॉयलेटच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि फ्लश न करता दहा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला, तर चोर सापडला. नवी झडप थोडक्या डॉलरांत मिळते, आणि ती बसवायला पीएचडी लागत नाही!