जुन्या शिपायाची निगा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शिपायाच्या खांद्यावर जी रायफल होती, तिचे नाव ‘एम-१ गॅरंड’. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत काम करणाऱ्या जॉन गॅरंड या मूळच्या कॅनडातील कारागिराने ती घडविली. १९३६ साली अमेरिकन सैन्याने ती स्वीकारली. आता ती तिकडच्या हौशी नेमबाजांच्या घरी नांदते. पण वय झाले म्हणून तिचा दरारा ओसरला, असे मात्र कोणी समजू नये!

तिची करामत पाहा. गोळी सुटताच नळीतला थोडा वायू तोंडाजवळच्या छिद्रातून खाली शिरतो आणि एका लांब दांड्याला मागे रेटतो. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत बसते. हा दांडा तिचे मर्मस्थान. जड गोळीचे जोरकस शिकारी काडतूस घातले, तर तो वाकू शकतो. तेव्हा काडतूस नुसते मापाचे नको, तिच्या प्रकृतीला मानवणारे हवे.

आठ काडतुसांची जुडी वरून दाबताना तळहाताच्या कडेने दांड्याची मूठ अडवून धरावी. नाहीतर अंगठा चेचलाच!

युद्धकाळातील पुष्कळ काडतुसांच्या टोपीतील मसाल्याचे क्षार नळीत उरतात. ते हवेतील ओल शोषून पोलाद गंजवितात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत. आधी साबणाचे गरम पाणी, मग कोरडे पुसणे आणि शेवटी तेलाचा हात.

आणि साफसफाईला बसण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे का, हे दुसऱ्याला विचारू नये. स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे!