शत्रुपक्षाकडून लढलेल्या विद्यार्थ्यांचे स्मरण

युद्धात मृत्यू पावलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची नावे शिलेवर कोरण्याची परंपरा जगातील अनेक विद्यापीठांत आहे. मात्र शत्रुपक्षाकडून लढलेल्या विद्यार्थ्याचे नाव त्यात असावे काय? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे आढळतात.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर तेथे उभारण्यात आलेल्या मेमोरियल हॉलमध्ये संगमरवरी फलकांवर १३६ नावे आहेत. ती सर्व संघराज्याच्या बाजूने लढलेल्यांची आहेत. दक्षिणेकडील फुटीर राज्यांसाठी प्राण वेचणाऱ्या हार्वर्डच्याच विद्यार्थ्यांना तेथे स्थान नाही.

पहिल्या महायुद्धातील ३७३ मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या मेमोरियल चर्चचे लोकार्पण ११ नोव्हेंबर १९३२ रोजी, युद्धविरामाच्या स्मृतिदिनी झाले. या चर्चमध्ये जर्मनीकडून लढलेल्या चार विद्यार्थ्यांसाठी लॅटिन भाषेतील स्वतंत्र फलक आहे. ते विरुद्ध ध्वजाखाली लढले, तरी विद्यापीठ त्यांना विसरलेले नाही, असा त्याचा आशय आहे.

दुसऱ्या महायुद्धातील मृतांच्या यादीत मात्र एका जर्मन धर्मोपदेशकाचे नाव इतरांसमवेतच असून, त्यापुढे ‘शत्रुपक्षीय मृत’ अशी नोंद आहे. नाझी राजवटीला विरोध असूनही त्यांना सक्तीने सैन्यात जावे लागले आणि १९४३ साली रशियाच्या आघाडीवर त्यांचा मृत्यू झाला.

स्मारक एखाद्या ध्येयासाठी उभारले, की ध्येयाविरुद्ध लढलेला आपोआप वगळला जातो. ते विद्यापीठाच्या सदस्यांसाठी असेल, तर त्याला वगळण्याचे कारण उरत नाही. हार्वर्डच्या आवारात या दोन्ही भूमिका आजही शेजारीशेजारी उभ्या आहेत.